पिकअप ट्रक घ्यावा का? घरची कामं स्वतः करणाऱ्या अमेरिकेतल्या आयटीवाल्यांना प्रश्न

हटोकर
नमस्कार मंडळी. ऑस्टिनजवळ हटो म्हणून गाव आहे, तिथे आम्ही जुनं घर घेतलंय. मी आणि बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. घर दणकट आहे, पण मागचं लाकडी कुंपण अर्धं कललंय, वरच्या बाथरूमच्या टाइल्स सुटायला लागल्यात आणि अंगणात एक शेड बांधायची आहे. कंत्राटदारांनी दिलेले आकडे ऐकले आणि ठरवलं, जमेल तेवढं स्वतः शिकून करायचं. वेळ लागला तरी चालेल.

आता प्रश्न पिकअपचा. आमच्या टीममध्ये बऱ्याच जणांकडे ट्रक आहे. दर सोमवारी कोणी ना कोणी शनिवार-रविवारी काय बांधलं ते सांगत असतो. आमच्याकडे होंडाची एक सिव्हिक आणि एक २०१९ ची ओडिसी (मोठी फॅमिली व्हॅन) आहे. सिव्हिक विकून फुल साइझ पिकअप घ्यावा असं माझ्या मनात आहे. बायको म्हणते, आधी कुंपण उभं कर, मग ट्रकचं बोलू.

जे लोक खरोखर हाताने कामं करतात त्यांनी सांगा: ट्रकवाचून तुमचं कुठे अडलं? आणि ट्रक असूनही कुठे अडलं?

रॅलेवासी
घ्या. डोळे झाकून घ्या.

माझ्याकडे बरीच वर्षं सेकंडहँड एफ-१५० आहे, फोर्डचा फुल साइझ पिकअप. दर वसंतात बागेत टाकायला मल्च (झाडांच्या सालींचा, लाकडाचा चुरा) लागतो. पिशव्यांनी घेतला तर एका घनयार्डाला (२७ घनफूट) दोन घनफुटांच्या साडेतेरा पिशव्या होतात. लँडस्केप यार्डात गाडी उभी केली की लोडरवाला एका बादलीत तेवढा माल मागे ओततो आणि भाव निम्म्याच्याही खाली येतो. प्लास्टिकचा कचरा नाही, पिशव्या उचला-ठेवा नाही. शीट्स, फळ्या, जुना सोफा, झाडाच्या फांद्या, काहीही टाका आणि घरी आल्यावर होजपाइपने धुऊन काढा.

एक इशारा मात्र देतो. मराठी मंडळात तुमच्याकडे ट्रक आहे हे कळलं की गणपतीचं मखर, स्टेजच्या पाट्या, जेवणाची मोठी पातेली, सगळं तुमच्याच गाडीतून जाणार. मला ते मनापासून आवडतं. सजावटीच्या रात्री सामान उतरवायला दहा हात पुढे येतात तेव्हा फार बरं वाटतं.

चिंगी
हटोत गल्लोगल्ली सिमेंटचे हिप्पो बसवलेत म्हणे. ट्रक घेतलात तर एक हिप्पो आमच्याकडे पोचवा.

निळी_छत्री
शिकागोच्या उपनगरात राहते. डेक, दोन बाथरूम, तळघरातल्या भिंती, सगळं मी आणि माझी मुलगी मिळून केलंय. ट्रक नाही. कधीच नव्हता. ओडिसी आहे.

मधल्या रांगेच्या खुर्च्या काढा, मागची रांग जमिनीत दुमडा, ४ बाय ८ ची प्लायवूडची शीट सपाट आत जाते आणि मागचं दार बंद होतं. पाऊस आला तर माल कोरडा राहतो. उघड्या ट्रकला ताडपत्री बांधत बसावी लागते. ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचे जिप्समचे बोर्ड, तर भिजून चालतच नाहीत.

तुमच्या बाथरूमबद्दल सांगते, कारण ट्रकपेक्षा तो विषय जास्त महत्त्वाचा आहे. टाइल्स सुटतायत म्हणजे बहुतेक मागचा थर भिजलाय. वरून नवी टाइल चिकटवू नका. सगळं खरवडून लाकडापर्यंत जा. सडलेलं लाकूड असेल तर बदला. मग सिमेंट बोर्ड, सांध्यांवर जाळीची पट्टी, त्यावर पाणी अडवणारं मेंब्रेन. शॉवरच्या तळाला फुटाला पाव इंच उतार पाणी जायच्या जाळीकडे हवाच. मेंब्रेन वाळलं की जाळी बंद करून तळात पाणी भरा आणि चोवीस तास तसंच ठेवा. पेन्सिलने पातळीची खूण करा. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवर असेल तरच टाइलला हात लावा. हे एक दिवसाचं थांबणं बरेच कंत्राटदार टाळतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

थिनसेट (टाइल चिकटवायचा सिमेंटचा माल) पसरताना दातेरी थापीच्या रेघा एकाच दिशेने ओढा, गोलगोल नको. टाइल दाबून रेघांना आडवी थोडी सरकवा, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. सुरुवातीला एखादी टाइल उचलून उलटी बघा. मागे सगळीकडे माल लागलेला दिसला पाहिजे. शॉवरमध्ये तर पोकळ जागा अजिबात चालत नाही.

या सगळ्याला लागलेलं सामान ओडिसीत बसलं. टाइल्स जड असतात, म्हणून दोन खेपा कराव्या लागल्या, एवढंच.

फडताळ
+१. फुल साइझ नव्या ट्रकला ५०-६० हजार डॉलर सहज लागतात. त्या पैशात अख्खं कार्यशाळेचं सामान येतं आणि उरतं.

ओळंबा
मी सिव्हिलवाला, ह्यूस्टनला असतो. हटोकर, तुमच्या कुंपणाचा हिशोब मांडून दाखवतो. त्यातून ट्रकचं उत्तर आपोआप निघेल.

समजा कुंपण १५० फूट आहे. आठ-आठ फुटांवर खांब म्हणजे १९ गाळे, २० खांब. खड्डा दहा इंच रुंद आणि अडीच फूट खोल धरला तर एका खड्ड्याला ८० पौंडी काँक्रीटच्या दोन पिशव्या लागतात. एकूण ४० पिशव्या, म्हणजे ३२०० पौंड. आता कुठल्याही एफ-१५० च्या ड्रायव्हरच्या दाराची चौकट बघा. तिथल्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेलं असतं. बहुतेक चार दारी ट्रकांवर तो आकडा १५०० ते २००० पौंडांच्या आसपास दिसेल. म्हणजे तुम्ही ६० हजारांचा ट्रक घेतलात तरी नुसतं काँक्रीटच दोन-तीन खेपांत येणार. लाकूड वेगळं. त्यापेक्षा दुकानातून घरपोच मागवा. ट्रकच्या मागे फोर्कलिफ्ट लटकवून आणतात आणि पॅलेट तुमच्या ड्राइव्हवेवर ठेवून जातात.

दुसरी गोष्ट माती. आय-३५ हायवेच्या पश्चिमेला चुनखडीचा दगड, पूर्वेला ब्लॅकलँड प्रेअरी, म्हणजे काळ्या मातीचा गवताळ पट्टा. हटो पूर्वेला. तुमच्या अंगणात आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीची सख्खी बहीण आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कुंपण कललंय ते बहुतेक याच मातीने आणि जमिनीलगत कुजलेल्या खांबांनी. म्हणून खड्डा तळाला जरा रुंद करा, म्हणजे फुगणारी माती खांब वर ढकलत नाही. काँक्रीटचा माथा जमिनीच्या किंचित वर आणून खांबापासून बाहेर उतरता करा, पाणी साचता कामा नये. शक्य असेल तर लाकडी खांबांऐवजी गॅल्व्हनाइझ्ड लोखंडी खांब वापरा आणि फळ्या त्यावर ठोका. खणकाम पाऊस पडून गेल्यावर तीन-चार दिवसांनी. ऑगस्टमध्ये ती माती वीट होते.

आणि खणण्याआधी ८११ ला फोन. फुकट आहे. गॅस, वीज, केबलवाले येऊन रंगाने खुणा करून जातात. हे न करता कुदळ मारू नका. कळकळीने सांगतोय.

हटोकर
@ओळंबा, हे वाचून थक्क झालो. काळी माती आहे हे माहीतच नव्हतं. घराच्या पायाभोवती उन्हाळ्यात ठिबक नळी लावायला इथले शेजारी सांगतात, ती त्यासाठीच का?

ओळंबा
बरोबर. माती एकसारखी ओली राहिली तर पाया एका बाजूने खचत नाही. पायापासून फूट-दीड फूट लांब लावा.

कोल्हापुरी_ठसका
आमचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, लेथ आणि दोन मिलिंग. माल न्यायला बोलेरो पिकअप. तुमचे आकडे वाचून किलोत मांडले. १५०० पौंड म्हणजे ६८० किलो. आमचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, पाऊण टन नेतो. २००५ साली आला तेव्हापासून गल्लीबोळातनं पळतोय. बोलेरो पिकअपचं मोठं मॉडेल १७०० किलोचं आहे. तुमचा तो अजस्र ट्रक आमच्या बोलेरोच्या निम्मंच वजन उचलतोय की वो!

हा, आत पाच माणसं गारेगार बसतात ते खरं.

रॅलेवासी
@कोल्हापुरी_ठसका 😄 मान्य. पण मागे बोट किंवा कॅम्पर जोडून दहा हजार पौंड ओढायचे असले तर? शिवाय ७० मैलांच्या वेगाने दिवसभर.

कोल्हापुरी_ठसका
ते मात्र बोलेरोचं काम न्हाई. ट्रक ओढायला हाय म्हणा की मग.

बेएरियाकर
मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे.

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये रिव्हियन आणि सायबरट्रक हे महागडे इलेक्ट्रिक पिकअप रांगेने उभे असतात. मागचा भाग चकचकीत, एक ओरखडा नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला आपण हाताने काही करू शकतो असं वाटावंसं वाटतं. ती भूक खरी आहे आणि मी तिचा आदर करतो. पण ती गाडी घेऊन भागत नाही.

या उंच गाड्यांची किंमत इतरांनाही मोजावी लागते. आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेने २०२३ साली पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास केला. पुढचं हूड (बॉनेट) ४० इंचांपेक्षा उंच असलेल्या गाडीची धडक बसली तर, ३० इंच किंवा त्याखालच्या उतरत्या हूडच्या गाडीच्या तुलनेत, माणूस दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. आमच्या गल्लीत मुलं सायकली खेळतात. ट्रकच्या नाकापुढे उभं असलेलं चार वर्षांचं पोर ड्रायव्हरला दिसत नाही. मला हा विचार रोज छळतो.

रॅलेवासी
@बेएरियाकर, मुलांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटतं. म्हणूनच मी पुढे कॅमेरा बसवून घेतला आणि ड्राइव्हवेत शिरताना आधी खाली उतरून बघतो. पण "भूक गाडी घेऊन भागत नाही" हे सगळ्यांना लावू नका. माझ्या ट्रकच्या मागच्या तळाचा रंग उडालाय. ज्याला त्याला दिखाऊ ठरवलं की जे खरंच काम करतात त्यांना उगाच बोचतं.

बेएरियाकर
तुम्हाला उद्देशून नव्हतं. रंग उडालेल्या ट्रकला माझा सलाम.

दगडफूल
छोटे, स्वस्त, साधे ट्रक अमेरिकेत का मिळत नाहीत याचं एक मोठं कारण कोंबडी आहे. खरंच.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने अमेरिकेच्या स्वस्त कोंबड्यांवर जबर आयातकर बसवला. उत्तरादाखल अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के कर लावला. १९६४ पासून तो लागू झाला. बाकीच्या वस्तूंवरचा यथावकाश उठला, ट्रकवरचा राहिला. तो बसला फोक्सवॅगनच्या व्हॅनवर, पण पुढे सगळ्या परदेशी छोट्या पिकअपना भोवला. जगभर चालणारी टोयोटा हायलक्स अमेरिकेत १९९५ नंतर विकलीच गेली नाही. स्पर्धा नसल्यामुळे इथल्या कंपन्यांनी ट्रक मोठे आणि महाग करत नेले. इंधनाचे नियमही गाडीच्या चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरायला लागले. मोठ्या गाडीला सवलत जास्त.

फोर्डची मॅव्हरिक २०२१ साली आली तेव्हा लोक तुटून पडले, कारण तिचा मूळ भाव २० हजारांच्या आत होता आणि हायब्रिड इंजिन त्यातच येत होतं. मेक्सिकोत, एर्मोसिय्योला बनते. आता तो भाव उरला नाही, पण हटोकर, ट्रकच घ्यायचा असेल तर फुल साइझच्या आधी ही बघा. मागची पेटी साडेचार फुटी आहे. पण पेटीच्या भिंतीत खाचा दिल्यात. त्यात आडव्या फळ्या टाकल्या की ४ बाय ८ ची शीट चाकांच्या कमानींवर सपाट बसते. शहरात मायलेज आपल्या सिव्हिकला लाजवेल.

चिंगी
कोंबडीमुळे ट्रक महाग! आज घरी हेच सांगणार, चिकन करायला नको.

पटाशी
बेएरियाकरांनी "हाताने काही करण्याची भूक" म्हटलं, त्यावर लिहितो. धाग्याच्या विषयापासून थोडं लांब जाईल.

माझे वडील सांगलीला सुतार होते. मी इंजिनीअर झालो, सिएटलला नोकरी करतो. वडिलांच्या कानावर पेन्सिल, कमरेला धोतराचा ओचा, आणि संध्याकाळी काम संपलं की दगडावर पाण्याचे थेंब टाकून पटाशीला धार लावणं. धार लागली का हे ते अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघायचे. निसटलं तर पुन्हा दगडावर, रुतलं तर ठीक. गुण्या त्यांच्याकडे होता, पण चौकट काटकोनात आहे का हे ते दोन्ही कर्ण दोरीने मोजून बघत. दोरी सारखी भरली की चौकट बरोबर. मी शाळेत पायथागोरस शिकण्याआधी हे घरी शिकलो.

आणि याच माणसाला ज्यांच्या बंगल्यात कपाटं केली त्यांनी चहा वेगळ्या कपात दिला.

आता मी बघतो, इथे आल्यावर आपले लोक अभिमानाने फोटो टाकतात: स्वतः डेक बांधला, स्वतः नळ बदलला. मला त्याचा फार आनंद होतो, मनापासून. फक्त एवढंच म्हणणं आहे की सुट्टीत पुण्याला गेल्यावर तिथल्या सुताराशी घासाघीस करताना हा डेक आठवावा. "एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?" असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला त्या कामात काय काय येतं हे आता ठाऊक असतं.

निळी_छत्री
@पटाशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलीलाही वाचून दाखवला. शॉवरची चौकट केली तेव्हा आम्ही कर्णच मोजले होते. ते ज्ञान कुठून कुठून येतं.

कोल्हापुरी_ठसका
पटाशीराव, शंभर नंबरी बोललात. आमच्याकडं इंजिनीअरिंगची पोरं ट्रेनिंगला येतात. फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब केलेला असतो, कानस मारून मारून हाताला फोड आलेले असतात, आणि सबमिशन झालं की कानसीला परत हात लावत न्हाईत. आयटीआयचा पोरगा मशिनचा आवाज ऐकून सांगतो टूल गेलंय. दोघांना शेजारी बसवलं की दोघंबी सुधारतात, हे मी बघितलंय.

फडताळ
विषय निघालाच आहे तर माझं सांगते. मागे नोकरकपातीच्या लाटेत नोकरी गेली. एच-१बी व्हिसा, म्हणजे नवी नोकरी शोधायला हातात ६० दिवस. दिवसभर अर्ज, मुलाखती, नकार. त्या जुलैत डॅलसला घरातला एसी बंद पडला. बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणत होतं, पंखा फिरत नव्हता. माणूस बोलावला असता तर काही शे डॉलर गेले असते. वाचून वाचून कळलं की हे लक्षण बहुतेक वेळा कपॅसिटरचं, म्हणजे मोटर सुरू करायला वीज साठवणाऱ्या भागाचं, असतं.

भिंतीवरच्या डिस्कनेक्ट पेटीतला खटका ओढून काढला, आतून ब्रेकरही पाडला. मल्टीमीटरने वीज नाही याची खात्री केली. झाकण उघडून वायरींचे फोटो काढले. चांदीच्या रंगाचा डबा असतो, वर तीन टोकं: सी, फॅन, हर्म. वीज बंद केल्यावरही त्यात भार साठलेला राहतो, म्हणून आधी तो उतरवावा लागतो. जुना डबा वरून फुगला होता. त्यावर छापलेल्या आकड्यांचाच नवा, पंचवीसेक डॉलरचा, आणून लावला. पंखा फिरला.

नोकरी नंतर मिळाली. पण त्या दुपारी पंखा फिरला तेव्हा जे वाटलं ते ऑफर लेटरने नाही वाटलं. त्या काळात माझ्या हातून काहीतरी धड होतंय याचा तो एकच पुरावा होता.

कोणी म्हणेल, मग हेच काम दोन पैसे घेऊन करायचं. एच-१बी वर ते चालत नाही. मैत्रिणींचे नळ बदलून देते, बदल्यात पुरणपोळी सुद्धा मागत नाही. देतात त्या स्वतःहून.

ओळंबा
@फडताळ, उत्तम. आणि क्रम अगदी बरोबर लिहिलात. बाकीच्यांनी लक्षात घ्या: कपॅसिटरला मोकळ्या हाताने स्पर्श केला तर जीव जाऊ शकतो. भार कसा उतरवायचा हे नीट शिकल्याशिवाय झाकण उघडू नका.

घरातल्या विजेबद्दलही एक सांगतो. १५ अँपच्या ब्रेकरवर १४ गेज, २० वर १२ गेज तांब्याची वायर. ब्रेकर वारंवार पडतो म्हणून १५ काढून २० चा लावायचा नाही, भिंतीत आग लागते. साधारण १९६५ ते १९७३ मधलं घर असेल तर वायरी ॲल्युमिनियमच्या आहेत का ते आधी बघा. तिथे स्वतः काही करू नका, जाणकार बोलवा. आणि शहराची परवानगी कशाला लागते ते फोन करून विचारा. घर विकताना परवानगी न घेतलेलं काम गळ्यात येतं.

तारामासा
ट्रकच्या बाजूने एक मुद्दा कोणी मांडला नाही. फेब्रुवारी २०२१, टेक्सासची थंडी. दिवसेंदिवस वीज नव्हती, लोक घरात ब्लँकेटखाली गोठत होते. एफ-१५० हायब्रिडमध्ये ७.२ किलोवॉटचा जनरेटर बसवलेला घेता येतो. फोर्डने तेव्हा टेक्सासातल्या डीलरना विनंती केली होती की शोरूममधले असे ट्रक गरजूंना वापरायला द्या. आमच्या शेजाऱ्याकडे असा ट्रक होता. त्याने एक्स्टेन्शन ओढून तीन घरांचे फ्रिज आणि हीटर चालवले. आमच्या सासूबाईंचं ऑक्सिजनचं यंत्र त्याच्यावर चाललं. तो माणूस मला देवासारखा.

ओळंबा
याबद्दल दुमत नाही. फक्त ट्रकची वीज घराच्या बोर्डात द्यायची असेल तर इंटरलॉक किंवा ट्रान्सफर स्विच (बाहेरची लाइन आणि ट्रक एकाच वेळी जोडू न देणारा खटका) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून सॉकेटमधून उलटी वीज देऊ नका. ती खांबापर्यंत जाते आणि दुरुस्तीला चढलेला लाइनमन मरतो. तारामासा यांच्या शेजाऱ्याने थेट एक्स्टेन्शन ओढलं तेच बरोबर.

बेएरियाकर
@तारामासा, यावर काय बोलणार. एवढा एक ट्रक गल्लीत असावा हे मान्य.

रॅलेवासी
बघा, बेएरियाकर ट्रकवर आले!

निळी_छत्री
हत्यारांचं राहिलं. सगळंच विकत घेऊ नका. टाइल कापायचं पाण्याचं मशीन, खड्डे घ्यायचा ऑगर, हे भाड्याने मिळतं. तुमच्या गावच्या ग्रंथालयात चौकशी करा. बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७९ पासून पुस्तकांसारखी हत्यारं घरी नेता येतात, आता बऱ्याच शहरांत आहे. रोज लागणारी मात्र चांगली घ्या: ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, चार फुटी लेव्हल, एक उत्तम हातोडी.

आणि ट्रकही तसाच. घरबांधणीच्या सामानाच्या मोठ्या दुकानाच्या दारातच तासावर भाड्याने मिळतो, यू-हॉल कंपनीचा दिवसावर.

हटोकर
सगळ्यांचे प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवले. तिचा निकाल कायम आहे, फक्त आता तिच्या बाजूला तुम्ही सगळे आहात.

मी मांडलेला हिशोब असा: काँक्रीट आणि लाकूड घरपोच. शीट्स ओडिसीत. उरतो मल्च, माती आणि डंपला न्यायचं जुनं कुंपण. त्यासाठी ओडिसीला हिच (ट्रेलर जोडायचा आकडा) बसवून ५ बाय ८ चा छोटा ट्रेलर घ्यावा का? ओडिसी ओढेल का?

दगडफूल
२०१९ ची मॉडेलनुसार ३००० ते ३५०० पौंड ओढते. मॅन्युअलमध्ये तुमचा आकडा नक्की बघा. असा ट्रेलर रिकामा साधारण ५००-६०० पौंडांचा असतो. एक घनयार्ड मल्च आरामात. ओली माती मात्र घनयार्डाला टनाच्या वर जाते, तिथे अर्धाच भरा.

रॅलेवासी
ट्रकवाला असूनही सांगतो, सुरुवातीला ट्रेलर हाच शहाणपणा. दोन गोष्टी शिका. एक, वजन चाकांच्या जरा पुढे ठेवा, एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के भार हिचवर यायला हवा. मागे जास्त झालं की हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. दोन, रिव्हर्स. रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करा. हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, हात ज्या दिशेला जाईल त्याच दिशेला ट्रेलरचं ढुंगण जातं. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा पटकन दुमडतो, तेव्हा घाई नको.

दोन वर्षांनी तुम्ही शेड, डेक, सगळं करून पुन्हा विचारलंत तर मी परत "घ्या" म्हणेन, आणि तेव्हा तुमच्या घरूनही विरोध नसेल.

कोल्हापुरी_ठसका
माल बांधताना रॅचेट पट्ट्या लावाच, पण वरनं जाळी किंवा ताडपत्री टाका. कुंपणाच्या जुन्या फळ्या वाऱ्यानं उडतात, मागच्या मोटारसायकलवाल्याचं मरण.

तारामासा
टेक्सासात माल चार फूट किंवा जास्त मागे बाहेर आला तर टोकाला फूटभर लाल फडकं बांधावं लागतं, रात्री लाल दिवा. तेवढं सांभाळा.

हटोकर
हिच बसवायला टाकतोय. ८११ ला कळवलं. पुढच्या आठवड्यात पाऊस आहे, त्यानंतर खणायला घेतो. शेवटचा प्रश्न: कुंपणाची एक बाजू शेजाऱ्याला लागून आहे. जुन्या खांबांच्याच रेषेत नवे लावू ना?

ओळंबा
नको. आधी घराच्या कागदपत्रांतला सर्व्हे काढा आणि कोपऱ्यातल्या लोखंडी खुंट्या शोधा, बहुतेक जमिनीत दोन-चार इंच खाली सापडतात. जुनं कुंपण हद्दीवरच होतं असं धरून चालू नका. खुंट्या मिळाल्या की दोन टोकांमध्ये दोरी ताणा आणि शेजाऱ्याला बोलावून दोरी दाखवा. तो निम्मा खर्च द्यायला तयार असेल तर तेव्हाच बोलून घ्या, आणि गुळगुळीत बाजू कोणाकडे ते पण. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर उंची आणि रंगाची लेखी मंजुरी. कुजलेले खांब काढताना जुनं काँक्रीट पूर्ण उपसायची गरज नाही. नव्या खांबांची जागा दोरीच्याच रेषेत फूट-दोन फूट सरकवा, म्हणजे तुमचे खड्डे कोऱ्या मातीत येतील.

टोकाचे दोन खांब आधी लावा. एक दिवस सुकू द्या. मग मधले.